बुडालेलं जहाज आणि आपली पत्र्याची होडी

सेकंड इयरच्या जर्नलमधला तो प्रयोग आठवतोय? एफ.एम. लॅब, प्रयोग क्रमांक एक : तरंगत्या वस्तूची मेटासेंट्रिक हाइट काढणे. पत्र्याची एक चौकोनी होडी, तिच्यावर उभी काठी, आडव्या पट्टीवर सरकणारं एक वजन आणि होडी किती कलली ते दाखवणारा ओळंबा. वजन सरकवायचं, कोन वाचायचा, सूत्रात घालायचा. पंधरा मिनिटांचं काम.

मी हा प्रयोग 'केला' तेव्हा होडी कपाटावर होती, टाकी कोरडी ठणठणीत होती आणि रीडिंग्ज सीनिअरच्या जर्नलमध्ये होती. तिला ती तिच्या सीनिअरकडून मिळाली होती. मी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या रीडिंगमध्ये अर्धा-अर्धा अंश इकडेतिकडे केला, म्हणजे कॉपी वाटू नये! सही झाली, ओरल झाली, दहापैकी नऊ मार्क पडले. हे आता छापून येतंय म्हणून लाज वाटायला हवी. पण हा अंक हातात घेतलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तेच केलंय, आणि सही करणाऱ्या सर-मॅडमनाही ते माहीत आहे, तेव्हा उगाच लाजण्यात काय अर्थ?

ही होडी मला पुन्हा भेटली ती थेट स्टॉकहोममध्ये. तिथे तिचं नाव 'वासा' होतं, तिच्यावर ६४ तोफा होत्या, आणि ती १६२८ साली बुडाली होती.

तर आधी मी तिकडे कशी पोचले ते सांगते. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या एका विद्यापीठात दहा दिवसांचा उन्हाळी अभ्यासक्रम होता. आपल्या कॉलेजमधून आम्ही दोघी जाणार होतो. मैत्रिणीचा व्हिसा काही वेळेत आला नाही. घरी कळल्यावर आई म्हणाली, "अगं, म्हणजे एकटीच?" बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा एस.टी.त कंडक्टर आहेत. आयुष्यभर रोज शेकडो माणसं एकटी कुठून कुठे जाताना पाहिलेली असल्यामुळे असेल, पण रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं बसचं तिकीट कसं काढतात, ते बघून ठेवलंयस का?"

नव्हतं बघितलं! विमानतळावरून शहरात जायला एक झकपक एक्सप्रेस गाडी आहे. तिचं भाडं वाचून मी दोन पावलं मागे सरकले. चौकशी केल्यावर कळलं की ५८३ नंबरच्या बसने मेर्श्ता नावाच्या स्टेशनवर जायचं आणि तिथून लोकल पकडायची, की शहराच्या नेहमीच्या तिकिटात काम होतं. हे तिकीट तेव्हा चाळीसच्या थोडं वर क्रोनांना होतं, म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. बसमध्ये चढले, यंत्राला कार्ड टेकवलं, लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. पाकिटात क्रोनाच्या नोटा होत्या, पण तिथल्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. ड्रायव्हरने मान हलवली, मी उतरले, बस गेली. बँकेला मनातल्या मनात भरपूर बोलून झाल्यावर लक्षात आलं की चूक माझीच होती. आपल्याकडच्या कार्डांवर 'टॅप करून पैसे' ही सोय मुळात बंद असते, ती आपण स्वतः ॲपमधून सुरू करायची असते. परदेशी जाणाऱ्या ज्युनिअर्सनी एवढं एक वाक्य तरी या लेखातून न्यावं! पुढची बस मिळाली. नुकसान वीसेक मिनिटांचं.

या तिकिटाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. तिथलं साधं तिकीट अंतराचं नसून वेळेचं असतं. एकदा टेकवलं की ७५ मिनिटं तुम्ही मेट्रो, बस, ट्राम, लोकल, एवढंच काय काही फेरीबोटीसुद्धा वापरा, मधे उतरा, परत चढा. २०१७ पर्यंत तिथे झोन होते, ते काढून टाकले. यामुळे काय होतं? तर चुकीच्या गाडीत बसलं तरी काही बिघडत नाही. खाली उतरायचं, समोरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं. नवीन माणसाला चुकण्याची मुभा तिकिटातच दिलेली आहे म्हणा ना.

मला या मुभेची गरज पहिल्याच मोकळ्या दिवशी पडली. अभ्यासक्रम संपल्यावर तीन दिवस हाताशी होते. टेक्निस्का हॉगस्कोलान, म्हणजे 'तांत्रिक विद्यापीठ' याच नावाचं एक मेट्रो स्टेशन आहे, ते पाहायचं ठरवलं होतं. लाल मार्ग पकडला, पण हा लाल मार्ग एस्टरमाल्म्सतोर्गनंतर दोन फाट्यांत विभागतो हे पाहिलंच नाही. त्यातच तिथली मेट्रो डाव्या बाजूने धावते आणि रस्त्यावरच्या गाड्या उजव्या बाजूने, त्यामुळे डोक्यात आधीच गोंधळ. मी बसले ती गाडी रोपस्टेनला गेली. शेवटचं स्टेशन. सगळे उतरले, मीही उतरले.

बरोबर ग्रुप असता तर एव्हाना "कोणी सांगितलं होतं या गाडीत बसायला?" याच्यावर अर्धा तास गेला असता. एकटीने फिरण्याचा हा फायदा मला कोणी आधी सांगितला नव्हता. चुकलं तर ऐकवायला कोणी नसतं, आणि आपण स्वतःशी फार भांडत बसत नाही. नकाशात पाहिलं तर जवळच जुन्या गॅस कारखान्याच्या आवारात ट्रामचं संग्रहालय दाखवत होतं. चालत निघाले.

हे ट्राम संग्रहालय २०२२ मध्ये या नव्या जागेत सुरू झालं. १८७७ मध्ये घोड्यांनी ओढायची ट्राम होती तिथपासून मेट्रोपर्यंतचा सगळा प्रवास इथे आहे. कंडक्टरचे गणवेश आणि तिकिटांचं सामान पाहून मी बाबांना लगेच फोटो पाठवले. त्यांचा जुना तिकिटांचा ट्रे आणि तो टिकटिक पंच आमच्या घरी अजून माळ्यावर आहे. कुणाच्या घरच्या माळ्यावरची वस्तू काचेच्या पेटीत दिवा लावून ठेवली की किती वेगळी दिसते!

पण मी तिथे जास्त वेळ थांबले ती १९६७ सालाजवळ. स्वीडनमध्ये तोवर वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालत. १९५५ मध्ये लोकांना विचारलं तर सुमारे ८३ टक्के लोकांनी बदलाला 'नाही' म्हणून सांगितलं. तरीही सरकारने नंतर निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश डावीकडून उजवीकडे सरकला. ट्रामचे दरवाजे मात्र जुन्या बाजूला. ते सगळं बदलत बसण्यापेक्षा स्टॉकहोमने शहराच्या मध्यातल्या ट्रामच बंद करून टाकल्या, बस आणि मेट्रो होतीच की. मग १९९१ मध्ये हौसेची जुनी ट्राम सुरू झाली, आणि २०१० मध्ये मध्यवस्तीत पुन्हा रोजची, नेहमीच्या तिकिटावर चालणारी ७ नंबरची ट्राम आली. म्हणजे ४३ वर्षांनी! काढून टाकणं ही चूक होती की त्या काळची गरज, यावर तिथले जाणकार भांडोत. मला चूक वाटते. पण काढल्या तेही संग्रहालयात आहे आणि परत आणल्या तेही.

आपल्या मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. बेस्टचं एक छोटं संग्रहालय आणिक डेपोत आहे. मी मुंबईला मावशीकडे किती वेळा गेले असेन, तिथे एकदाही गेलेले नाही. सहा हजारांहून जास्त किलोमीटर लांब जाऊन दुसऱ्यांच्या ट्राम पाहिल्या. असो.

रात्री बाबांचा फोन आला. फोटो पाहून खूश होते. "कंडक्टर नाही म्हणतेस, मग चेकिंग कोण करतं?" मी सांगितलं, काचेची उंच दारं आहेत, कार्ड टेकवल्याशिवाय उघडत नाहीत. "आणि कुणी मागोमाग घुसला तर?" हा प्रश्न कंडक्टरच विचारू शकतो! कारण त्याच दिवशी एक मुलगा माझ्या पाठीला चिकटून दारातून आत आला होता आणि मी दचकले होते. तिथे यासाठी 'प्लांका' असं खास क्रियापद आहे. सापडलं तर १५०० क्रोना दंड. त्याच्यावरही कडी म्हणजे फुकट्यांची एक संघटना आहे, सभासदांनी वर्गणी भरायची आणि कुणी पकडला गेला की दंड त्या पैशातून द्यायचा. बाबा एवढे हसले की आईने फोन हातात घेऊन काय झालं म्हणून विचारलं. तेव्हा 'तिकडचे लोक किती शिस्तीचे' छापाचा लेख वाचायला मिळेल अशी अपेक्षा असेल तर माफ करा. एक गोष्ट मात्र बाबांना फार आवडली : लहान मूल बाबागाडीत घेऊन बसमध्ये चढलं की त्या आईला किंवा बापाला तिकीट नाही. ते म्हणाले, आपल्याकडे २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडीत नुसती गर्दीच वाढली नाही, एकट्या बाया जास्त दिसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र योग्य गाडीत बसून टेक्निस्का हॉगस्कोलान गाठलं. स्टॉकहोमच्या मेट्रोची १०० स्टेशनं आहेत आणि त्यांतल्या नव्वदहून जास्त स्टेशनांवर काही ना काही कलाकाम आहे. सिव्हिलवाल्यांना सांगायला हवं, की बऱ्याच स्टेशनांवर खडक फोडून झाल्यावर त्याला फरशा लावून गुळगुळीत केलेलं नाही. खडकावर काँक्रीटचा फवारा मारलाय आणि तो ओबडधोबड आकार तसाच ठेवून वर रंग दिलाय. गुहेत उभं राहून लोकल पकडल्यासारखं वाटतं. या तांत्रिक विद्यापीठाच्या स्टेशनात तर न्यूटनचे नियम आहेत, लिओनार्डोची उडण्याची खटपट आहे, कोपर्निकस आहे, आणि क्रिस्तोफर पोलहेमची 'यांत्रिक मुळाक्षरं' आहेत. हा पोलहेम (१६६१-१७५१) स्वीडनमधल्या यंत्रविद्येचा आद्य पुरुष. त्याने यंत्रांतल्या मूळ हालचालींची लाकडी मॉडेल्स बनवली, की विद्यार्थ्याने बाराखडीसारखी ती हाताळून शिकावीत. यातली मॉडेल्स तिथल्या तांत्रिक संग्रहालयात ठेवलीत, ६९ नंबरच्या बसने जाता येतं. मी गेले. आपल्या टी.ओ.एम.च्या पुस्तकातल्या आकृत्या तिथे लाकडात उभ्या आहेत. तीनशे वर्षांपूर्वी त्याला हे सुचलं, आणि आपण अजून आकृती पाठ करतो, इतकंच म्हणते.

टी-सेंट्रालेन या मुख्य स्टेशनात निळ्या मार्गावर खाली उतरलात तर छतावर निळ्या वेली दिसतील. पेर ओलोफ उल्टवेद्तचं १९७५ चं काम. सगळे वेलींचे फोटो काढतात. पण तिथेच एका भागात स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या निळ्या सावल्या काढल्या आहेत. टोप्या घातलेली, हातात हत्यारं धरलेली माणसं. वेल्डर, गवंडी. माझी गाडी आली तरी मी चढले नाही. ७५ मिनिटांतली पन्नास शिल्लक होती.

आता वासा. तिसऱ्या दिवशी त्या परत आलेल्या ७ नंबरच्या ट्रामने युर्गोर्डेन बेटावर गेले. आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसत नाही, कारण लाकडाला त्रास नको म्हणून उजेड अगदी मंद ठेवलेला असतो. मग डोळे सरावतात आणि समोर चारमजली इमारतीएवढं काळपट लाकडाचं जहाज उभं असतं. संपूर्ण. साधारण ९८ टक्के लाकूड मूळचंच आहे. मी खरंच दोन मिनिटं तोंड उघडं टाकून उभी होते.

गोष्ट थोडक्यात अशी. राजा गुस्ताव्ह दुसरा अडॉल्फ पोलंडशी लढाईत गुंतलेला, त्याला मोठं जहाज हवं होतं, लवकर हवं होतं. पत्रांवर पत्रं येत होती. मुख्य कारागीर हेन्रिक ह्युबर्टसन काम चालू असतानाच १६२७ मध्ये वारला. तोफांचे दोन मजले, वर कोरीवकामाचा भार, आणि खाली अंग मात्र अरुंद. म्हणजे गुरुत्वमध्य वर. पुढचं तुम्हाला पाठ आहे, जर्नलमध्ये लिहिलंय!

निघण्याआधी जहाज धक्क्याला असताना चाचणी झाली. तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं, की चाचणी थांबवली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कारण ही आपलीच चाचणी! आडव्या पट्टीवरचं सरकतं वजन म्हणजे ती तीस माणसं. त्यांनी प्रयोग केला, रीडिंग आलं, ते वाईट होतं. नौदलाचा अधिकारी क्लास फ्लेमिंग स्वतः तिथे हजर होता. आणि तरी जहाज निघालं. १० ऑगस्ट १६२८. जेमतेम १३०० मीटर गेलं असेल, वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांमधून पाणी आत. किनाऱ्यावर निरोप द्यायला आलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत बुडालं. सुमारे तीस माणसं गेली.

चौकशी झाली. कप्तानाला लगेच अटक केली होती. तो म्हणाला तोफा नीट बांधलेल्या होत्या, माणसं शुद्धीत होती. कारागीर म्हणाले मापं राजाने मंजूर केलेली होती. राजाला कोण विचारणार? ज्याने आराखडा केला तो मेलेला. शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही. आपल्याकडची चौकशी समिती आठवली ना? मलाही.

जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या आहेत. दोन स्वीडिश फुटाच्या, १२ इंची. दोन ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या, ११ इंची. एकाच जहाजावर, एकाच वेळी! जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, यामागे हेही एक कारण मानतात. युनिट्सवरून मार्क कापणाऱ्या आपल्या मॅडमची मी तिथे मनोमन माफी मागितली.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. जहाज १९५६ मध्ये अँडर्स फ्रान्झेनने शोधलं आणि २४ एप्रिल १९६१ ला, म्हणजे ३३३ वर्षांनी वर काढलं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून त्याच्यावर सतरा वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारले. झालं? नाही. २००० साली लाकडावर पांढरे-पिवळे डाग उमटलेले दिसले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलेलं, त्याचं आम्ल होत होतं, आणि गंजलेल्या लोखंडामुळे ती प्रक्रिया वाढत होती. वर काढल्यावर जे नवे बोल्ट बसवले तेही गंजणाऱ्या पोलादाचेच होते. मग २०११ पासून काही वर्षं खपून हजारो बोल्ट स्टेनलेस स्टीलचे केले. मेटलर्जीच्या पेपरला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. आणि हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. आमच्या आधीच्यांनी जहाज बांधताना चूक केली हे सांगणं सोपं, ते चारशे वर्षांपूर्वीचे. पण ते जतन करतानाच्या अडचणी आणि चुकाही त्याच इमारतीत, तितक्याच मोठ्या अक्षरांत!

दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक पैसे भरून ही फसलेली गोष्ट पाहायला येतात. जे जहाज ठरल्याप्रमाणे चाललं असतं, ते वापरून, झिजून, मोडीत निघालं असतं.

त्याच संध्याकाळी नोबेल पारितोषिकाच्या संग्रहालयातही गेले. ते बरोबर आलेल्या उत्तरांचं घर. खरं सांगू? वासानंतर ते जरा फिकं वाटलं. तिथल्या कॅन्टीनमध्ये खुर्च्या उलट्या करून पाहायच्या असतात, खाली विजेत्यांच्या सह्या आहेत. सगळे बावळटासारखे खुर्च्या उलटत असतात, मीही उलटली. पण तिथे अमर्त्य सेनांची सायकल ठेवली आहे. पश्चिम बंगालच्या खेड्यांत मुलग्यांची आणि मुलींची वजनं घ्यायला ते या सायकलवरून फिरले होते. नोबेलवाला माणूस रीडिंग घ्यायला स्वतः सायकल मारत गेला होता. मी तिथून लवकर निघाले, माझ्या मनात ते चौथ्या रीडिंगमधलं अर्ध्या अंशाचं गणित सुरू झालं होतं.

रात्री साडेदहाला बाहेर अजून संधिप्रकाश होता. मी एकटी मेट्रोने परत आले. आमच्या लेडीज हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते इथे लिहीत नाही, रेक्टर मॅडम हा अंक वाचतात.

आता माझं म्हणणं. आपण रीडिंग्ज 'जुळवतो' ते आळशीपणामुळे, असं सगळे सर म्हणतात. थोडं खरंही आहे. पण आळस हे अर्धंच कारण. बाकी अर्धं असं, की आपल्या लॅबमध्ये खऱ्या रीडिंगला किंमत नाही, बरोबर रीडिंगला आहे. माझ्या बॅचमध्ये एकाने सेकंड इयरला व्हेंचुरीमीटर प्रामाणिकपणे केला होता. त्याचा सी.डी. एकच्या वर आला. त्याला 'पुन्हा करा' शेरा मिळाला, सबमिशन लांबलं, टर्मवर्कला मार्क कमी. पाइप कुठे तुंबलाय का, हे कोणी पाहिलं नाही. आम्ही कॉपीवाले ०.९७ लिहून सुटलो. त्या दिवशी वर्गातल्या साठ जणांनी एक धडा घेतला, आणि तो फ्लुइड मेकॅनिक्सचा नव्हता.

चूक महाग असली की माणूस ती करायचं थांबवत नाही, ती लपवतो. १६२८ मध्ये 'जहाज डोलतंय' हे राजाला कळवणं सगळ्यात महाग होतं, म्हणून कळवलं गेलं नाही. आपल्याकडे राजा नाही, फक्त एक्स्टर्नल आहे. तेवढ्यालाही आपण घाबरतो! उलट त्या ७५ मिनिटांच्या तिकिटात चूक फुकट होती, म्हणून मी निवांत चुकले, आणि चुकून ट्राम पाहून आले.

एका सरांशी यावर बोलले. त्यांचं म्हणणं, "युनिव्हर्सिटीचा माणूस येऊन जर्नल बघतो. त्यात जी.एम. भलताच दिसला तर तो मला विचारणार." सर चुकीचं बोलत नव्हते. साठ मुलं, दोन तास, एक होडी. शिवाय त्यांनी आणखी एक टोला हाणला, तो मला पटला : "स्वीडनलाही लगेच नाही सुचलं बोर्ड लावायला. तीनशे वर्षं गेली." खरंच आहे. १६६० च्या दशकात पाणबुड्यांनी घंटेत बसून खाली जाऊन वासाच्या तोफा, पैशाच्या वस्तू, काढून नेल्या. जहाज विसरले. पण सरांना मी तेव्हा एक सांगायचं विसरले, ते इथे लिहिते. वासाच्या मागोमाग 'एप्लेट' नावाचं जहाज बांधलं जात होतं. ते बांधताना त्याचं अंग रुंद केलं, आणि ते बुडालं नाही. नंतर ते मुद्दाम बुडवलं गेलं, त्याचे अवशेष २०२१ मध्ये सापडले. म्हणजे बोर्ड तीनशे वर्षांनी लागला तरी कारागिरांनी रीडिंग लगेच वापरलं होतं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. दर लॅबमध्ये एक प्रयोग असा ठेवा, ज्यात उत्तराला मार्क नाहीत. जे आलं ते लिहा, आणि तसंच का आलं ते एका पानात लिहा, त्याला मार्क. दुसरं, वर्कशॉपच्या दाराजवळचं ते रिकामं काचेचं कपाट. त्यात चषक ठेवायचे असं तीन वर्षं ऐकतेय, चषक काही येत नाहीत. त्यात बी.ई.ची फसलेली प्रोजेक्ट्स ठेवा. तुटलेला शाफ्ट, जळालेली मोटर, बाजूला एक चिठ्ठी, की आमचं काय चुकलं. दरवर्षी नवी मुलं तोच शाफ्ट त्याच व्यासाचा घेऊन त्याच जागी तोडतात, मामा नुसते बघत हसतात. मामांना विचारा, खोटं असेल तर.

परत आल्यावर मी एफ.एम. लॅबमध्ये गेले. लॅबच्या काकांना म्हटलं, "काका, ती होडी काढता का?" ते म्हणाले, "सबमिशन झालं की तुमचं. आता कशाला?" तरी काढून दिली. टाकी धुवायला सेकंड इयरच्या दोन मुली आल्या होत्या मदतीला. पाणी भरलं, होडी ठेवली, वजन मधोमध आणलं. होडी सरळ उभी राहायच्या ऐवजी हळूहळू एका बाजूला कलायला लागली. आम्हाला वाटलं पट्टी वाकडी असेल. मग एकीने आत बोट घालून पाहिलं तर तळाशी पाणी. कोपऱ्यातला डाग उखडलेला होता, कधीपासून कुणास ठाऊक. म्हणजे इतकी वर्षं जर्नलमध्ये डौलाने तरंगणारी आपली होडी प्रत्यक्षात बुडणारी होती!

आम्ही बुडेपर्यंत दर मिनिटाला कोन लिहून घेतले. सात रीडिंग्ज मिळाली. त्या दोघींनी तीच जर्नलमध्ये लिहिली आहेत, खाली गळतीसकट. सही अजून झालेली नाही. एम-सील लावलेली होडी खिडकीत वाळत ठेवली आहे, आणि काका म्हणालेत, सोमवारी परत पाण्यात सोडू.